कमिटी असताना युनियन कशाला?

बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत युनियनचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. वर्क्स कमिटी, म्हणजे कार्य समिती, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून आली. शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात सरकार ती नेमायला लावू शकतं. तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असून चालत नाहीत. कॅन्टीन, पिण्याचं पाणी, सुरक्षा हे तिचे विषय. आणि नागपूरच्या मे महिन्यात शेडमधला कूलर हा मुळीच किरकोळ विषय नाही.

पण कामाचा बोजा? १९६० साली नॉर्थ ब्रूक ज्यूट कंपनीच्या खटल्यात कमिटीने मान्य केलेली कामाच्या फेररचनेची योजना सर्वोच्च न्यायालयाने कामगारांवर बंधनकारक धरली नाही. कमिटी युनियनची जागा घेऊ शकत नाही, असं न्यायालय म्हणालं.

जर्मनीत ही वाटणी जास्त स्पष्ट आहे. तिथली निवडून आलेली कर्मचारी परिषद शिफ्टच्या वेळा आणि ओव्हरटाइम मालकाच्या बरोबरीने ठरवते, मात्र तिला संप पुकारता येत नाही. संप आणि पगाराचा करार युनियनकडे. ह्युबलर आणि यिरयान या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली तिथल्या कारखान्यांची आकडेवारी तपासली. युनियनचा करार लागू होता तिथे परिषदेमुळे उत्पादकता वाढलेली दिसली. करार नव्हता तिथे ती वाढ दिसली नाही. तिथे परिषदेचा जोर पगार वाढवून घेण्यावर गेलेला दिसला.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. कुठलं मशीन वारंवार अडतं, माल कुठे वाया जातो, हे चालवणाऱ्यालाच आधी कळतं. पण सांगितलं तर दोन माणसं कमी होतील, ही धास्ती असली की तो गप्प राहतो. पगाराचं आणि नोकरीचं बोलणं बाहेर युनियनने पक्कं केलेलं असेल, तर आत मोकळं बोलता येतं. पाठीशी कोणी नसलेला कमिटी मेंबर मॅनेजरसमोर किती बोलणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कार्य समिती कायम आहे. अनेक युनियन असतील, तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. पण ही टक्केवारी कारखान्याच्या हजेरीपटावरून मोजायची आहे. त्याच शेडमध्ये राबणाऱ्या ठेकेदारी कामगाराचं नाव ठेकेदाराच्या पटावर असतं.