चौकातल्या कॅमेऱ्यांसाठी सरकारी निधी : कोटेशन मागण्याआधी एवढं वाचा

सरपंच असोत, व्यापारी संघटनेचे पदाधिकारी असोत की पोलीस ठाण्यातून आलेले हवालदार, आमच्या दुकानात बसल्या बसल्या सगळे एकच म्हणतात, "सोळा कॅमेऱ्यांचं कोटेशन द्या, प्रस्ताव टाकायचाय." सोळाच का, ते कोणी सांगू शकत नाही. रेकॉर्डर सोळाचा येतो म्हणून सोळा. असा प्रस्ताव तीन-चार महिने फिरून परत येतो आणि मग आम्हाला फोन येतो. तो फेरा वाचावा म्हणून हे पत्रक.

आधी पैसा कुठून येतो ते थोडक्यात. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी असतो, पण पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेचाच. कॅमेरे बसतात ते उरलेल्या अबंधित निधीत, आणि तेही गावाच्या विकास आराखड्यात काम आधी धरलेलं असेल तरच. आराखडा झाल्यावर कॅमेरे आठवले, की ग्रामसेवक भाऊसाहेबही काही करू शकत नाहीत. आमदार निधीतून मागत असाल तर एक लक्षात घ्या, आमदारांचं शिफारसपत्र म्हणजे मंजुरी नव्हे. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते आणि तिथे अंदाजपत्रक लागतं. मोठं काम, म्हणजे तालुक्याचं गाव किंवा हायवेवरचे सगळे चौक, जिल्हा वार्षिक योजनेतून होतं. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. पोलिसांचा प्रस्ताव पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत जातो. समितीची बैठक दर महिन्याला नसते, त्यामुळे एका त्रुटीपायी बैठक हुकली की पुढचे काही महिने गेले. एवढं करून मंजुरी फेब्रुवारीत आली, तर ३१ मार्चच्या आत निविदा, कार्यारंभ आदेश आणि काम बसवताना सगळ्यांची दमछाक होते. म्हणून पावसाळ्यातच कागद हलवा.

आता ती चूक, जिच्यामुळे सर्वांत जास्त वेळ जातो. प्रस्तावात कॅमेरे असतात, खांब असतात, केबल असते, टीव्हीसुद्धा असतो. वीजबिल कोण भरणार आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, याची एक ओळ नसते. निधी वस्तू घेऊन देतो, दर महिन्याचं बिल देत नाही. मंजुरी देणारा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि तो बरोबर विचारतो.

हिशेब मांडून पाहा. सोळा कॅमेरे, खांबांवरचे नेटवर्क स्विच, रेकॉर्डर आणि ठाण्यातला टीव्ही मिळून साधारण ३२० वॅट. चोवीस तास चालणार म्हणजे दिवसाला सात ते आठ युनिट, महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास. रक्कम फार मोठी नाही. पण ती ग्रामपंचायतीच्या नावावर, की ठाण्याच्या, की व्यापाऱ्यांच्या, हे लिहिलेलं नसेल तर कोणाचीच नसते. मग कोणीतरी सुचवतं, स्ट्रीटलाइटच्या खांबावरून घेऊ की. स्ट्रीटलाइटची लाइन सकाळी बंद होते. दिवसभर कॅमेरे बंद आणि संध्याकाळी चालू, अशी गावं आम्ही पाहिली आहेत. पुरवठा लागतो तो चोवीस तासांचा, स्वतंत्र मीटरवरून, आणि मीटरचा अर्ज कोणाच्या नावे ते ठरावात हवं.

एका गावाचं सांगतो. काम आमचंच होतं. सोळा कॅमेरे, एक वर्षाची वॉरंटी, उद्घाटनाला फीत कापलेली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओढ्यावरच्या विहिरीतून एका शेतकऱ्याची पाण्याची मोटार गेली. चोर टेम्पो घेऊन आले असतील तर वेशीवरून गेले असणार, म्हणून पोलिसांनी आम्हाला बोलावलं. सोळापैकी नऊ कॅमेरे काळे होते. वेशीवरच्या खांबाचं मीटर बिल थकल्यामुळे तोडलं होतं. बाजूच्या खांबावरची पेटी उघडली तर आत गांधीलमाशांचं पोळं, तळाला पाणी आणि केबलचं टोक गंजून हिरवं झालेलं. ज्यांची मोटार गेली ते काका माझी शिडी धरून खाली उभे होते. "दिसतंय का काही?" एवढंच विचारत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा चांगल्या कंपनीचा होता, बसवलाही नीट होता. वर्षभर खांबाकडे कोणी फिरकलं नव्हतं, कारण ते कोणाचं काम आहे हे कागदावर कुठेच नव्हतं.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक अंदाजपत्रकात पाच वर्षांची देखभाल कामाचाच भाग म्हणून धरलेली असते. त्यात दर तीन महिन्यांनी प्रत्येक पेटी उघडून पाहणं, काच पुसणं, रेकॉर्डरचं घड्याळ जुळवणं आणि ठाण्याच्या नोंदवहीत सही करणं आलं. यामुळे आकडा इतरांपेक्षा मोठा दिसतो. "तुमचं महाग पडतं," असं ऐकून घेतो, पण ही ओळ काढून अंदाजपत्रक देत नाही. तुम्ही निधी एकदाच आणता. परत त्याच चौकासाठी मागायला गेलात की आधीच्या कॅमेऱ्यांचं काय झालं, हेच विचारतात.

एक फरक मात्र ठाण्यांनी आधीच करावा. चौकातले कॅमेरे आणि ठाण्यातले कॅमेरे एका प्रस्तावात घालू नका. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे, परमवीर सिंग सैनी प्रकरणातला. कोठडी, व्हरांडा, ये-जा करण्याची सगळी दारं धरायची, आवाजही रेकॉर्ड व्हायला हवा, आणि साठवण १८ महिन्यांची, ते शक्य नसेल तर किमान एक वर्षाची. ४ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा २ एमबीपीएस वेगाने रेकॉर्ड करताना दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा खातो. चौकातल्या सोळा कॅमेऱ्यांचं ३० दिवसांचं रेकॉर्डिंग म्हणजे साडेदहा टीबीच्या जवळपास (एक टीबी म्हणजे हजार जीबी), दोन चांगल्या हार्डडिस्कमध्ये भागतं. तेच १८ महिने ठेवायचं तर एकट्या कॅमेऱ्याला साडेअकरा टीबीहून जास्त लागते. दोन्हींसाठी एकच रेकॉर्डर लिहिलेला प्रस्ताव कोणी जाणकार वाचेल तर परतच पाठवेल.

जुनी कोटेशनंही वापरू नका. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारचे सायबर सुरक्षेचे निकष आणि त्यासाठीची चाचणी बंधनकारक झाली आहे. त्याआधीच्या यादीतली बरीच मॉडेलं आता चालत नाहीत. आणि फुटेज कोर्टात टिकायचं असेल तर नुसता पेनड्राइव्ह पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राची गरज ठामपणे सांगितली होती. तेव्हा जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं. कायदा बदलला तरी गरज तीच आहे. घड्याळ जुळवण्याचा आमचा आग्रह याचसाठी आहे. रेकॉर्डरची वेळ पाऊण तास मागे असेल तर आरोपीचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

आता आमच्या पद्धतीबद्दल, कारण तिच्यावरून ग्राहक नाराज होतात. एक म्हणजे तुलनेसाठी लागणारी "उरलेली दोन कोटेशनं तुम्हीच आणून द्या" ही विनंती आम्ही मान्य करत नाही. दुसऱ्याच्या लेटरहेडवर आम्हीच दर लिहायचे, हे आमच्याकडून होणार नाही. पुढे तक्रार झाली तर सही करणारे भाऊसाहेब अडकतात, आम्ही नाही. दुसरं, अंदाजपत्रकात कंपनीचं नाव घालत नाही, फक्त तांत्रिक गुणधर्म लिहितो. त्यामुळे निविदेत कोणीही भाग घेऊ शकतो, आणि आमचा सर्व्हे वापरून काम दुसऱ्याला गेलं असंही झालं आहे. चालेल. म्हणूनच सर्व्हेची फी आम्ही वेगळी घेतो. लोकवर्गणीतून काम झालं तर ती बिलातून वजा करतो, निविदेच्या कामात करता येत नाही.

सर्व्हेत आम्ही प्रत्येक जागा पायी फिरतो. उसाची भरलेली ट्रॉली जिथून जाते तिथे केबल रस्त्यावरून ओढत नाही, पहिल्याच हंगामात तुटते. वाढदिवसाचे फ्लेक्स कुठे लागतात, गणपतीचा मांडव कुठे पडतो, हे गावातल्या माणसालाच माहीत असतं, म्हणून पोलीस पाटील किंवा बीट अंमलदार सोबत हवेत. सोळा मागायला आलेल्या गावाचं काम कित्येकदा अकरा कॅमेऱ्यांत झालं आहे. पाच कॅमेऱ्यांचे पैसे देखभालीला राहिले.

येताना ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव आणा. त्यात मालकी कोणाची, वीजबिल कोणाचं, देखभाल संपल्यावर जबाबदारी कोणाची आणि फुटेज पाहण्याचा अधिकार कोणाला, हे चार मुद्दे असले म्हणजे पुरे. नमुना दुकानात ठेवला आहे, मोफत घेऊन जा, काम आमच्याकडे देणार नसाल तरीही. सर्व्हेची वेळ मागताना शक्यतो रात्री आठनंतरची मागा. चौकातला उजेड आणि समोरून येणाऱ्या गाडीची नंबरप्लेट दिवसा तपासता येत नाही.