साबेर की कोनोसेर? आधी मराठीत विचारा

मागच्या शनिवारी शिकवणीला येणाऱ्या एका मुलाने वहीत स्पॅनिशमध्ये लिहिलं, ‘से उन ब्वेन मेदिको एन ठाणे.’ त्याला म्हणायचं होतं, ठाण्यात माझ्या माहितीतले एक चांगले डॉक्टर आहेत. तो ऐरोलीला नोकरी करतो, मेक्सिकोतल्या ग्राहकांच्या मेलना उत्तरं देतो, आणि सुट्टीच्या दिवशी नौपाड्यात माझ्याकडे स्पॅनिश शिकायला येतो. अभ्यासू मुलगा आहे. वाक्य त्याने मनात इंग्रजीत जुळवलं, ‘आय नो अ गुड डॉक्टर’, आणि त्यातल्या ‘नो’साठी डिक्शनरीत जो पहिला शब्द दिसला तो उचलला.

आता ‘से’ म्हणजे काय? ‘साबेर’ या क्रियापदाचं ‘मला माहीत आहे’ हे रूप. पण अगदी तसंच लिहिलेलं, डोक्यावर तीच तिरकी रेघ असलेलं दुसरं एक ‘से’ स्पॅनिशमध्ये आहे. ते ‘सेर’चं, म्हणजे ‘असणे’ या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप. त्यामुळे मेक्सिकोतला माणूस हे वाक्य असं वाचणार: ‘ठाण्यात चांगला डॉक्टर हो!’ आशीर्वाद म्हणून वाईट नाही, पण मुलाला ते म्हणायचंच नव्हतं. हवं होतं ‘कोनोस्को आ उन ब्वेन मेदिको’. इथे क्रियापद ‘कोनोसेर’. (स्पेनच्या बहुतेक भागांत याचा उच्चार ‘कोनोथेर’ असा ऐकू येतो.)

इंग्रजी एका ‘नो’वर सगळं भागवते. पत्ता माहीत असणं, पोहता येणं, शेजाऱ्यांशी ओळख असणं, गाव पाहिलेलं असणं, सगळ्याला ‘नो’. स्पॅनिशमध्ये त्याच्या दोन वाटा होतात. साबेर म्हणजे माहिती आणि कौशल्य: जे सांगता येतं किंवा करून दाखवता येतं. कोनोसेर म्हणजे परिचय: माणसाशी, गावाशी, वस्तूशी प्रत्यक्ष आलेला संबंध. पुस्तकं एवढं सांगून थांबतात आणि मुलं पाठ करतात. तरी परीक्षेत चुकतात, कारण पेपर हातात पडला की डोकं पुन्हा इंग्रजीत चालू लागतं.

म्हणून मी मुलांना सांगते, इंग्रजीच्या पुलावरून जाऊच नका. तेच वाक्य घरी आईशी कसं बोलाल ते आधी म्हणा. ‘मला पोहणं माहीत आहे’ असं आपल्यापैकी कुणी म्हणत नाही. ‘मला पोहता येतं’ असंच म्हणतो. जिथे मराठीत ‘-ता येतं’ तोंडात येतं, तिथे स्पॅनिशमध्ये साबेर आणि पुढे मूळ क्रियापद: ‘से नादार’. स्वयंपाक करता येतो का? ‘साबेस कोसिनार?’ गाडी चालवता येणं, वाचता येणं, सगळं याच साच्यात बसतं. आणि आपण ‘येतं’ आणि ‘शकतो’ यांत जो फरक करतो, तोही स्पॅनिशमध्ये जसाच्या तसा आहे. ‘मला पोहता येतं, पण आज कान दुखतोय म्हणून पोहू शकत नाही’ हे ‘से नादार, पेरो ओय नो प्वेदो’ असं होतं (इथला ‘नो’ स्पॅनिश, म्हणजे ‘नाही’). इंग्रजीचं ‘कॅन’ इथेही दोन्ही कामं एकटंच करतं, आणि इंग्रजीतून येणारा विद्यार्थी तिथेही अडखळतो. मराठी कानाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही, तो लहानपणापासून पक्का असतो.

ओळखीचंही तसंच. ‘आमची ओळख आहे’ म्हणता आलं की कोनोसेर. समोर माणूस असेल तर मध्ये एक छोटा ‘आ’ घालायचा, तो विसरायचा नाही. आणि सोबत ‘की’, ‘कुठे’, ‘कधी’, ‘का’ असं काही आलं, म्हणजे पुढे अख्खं वाक्य जोडलेलं असलं, तर डोळे मिटून साबेर. ‘ती कुठे राहते ते मला माहीत आहे’ म्हणजे ‘से दोन्दे बीबे’. कोनोसेरच्या पुढे ‘के’, म्हणजे आपलं ‘की’, लावलेलं वाक्य दिसलं की मी वाचायच्या आधीच लाल पेन उचलते.

गावांच्या बाबतीत मात्र मराठी थोडी फसवते. त्याच मुलाला मेक्सिकोच्या एका सहकाऱ्याने विचारलं, ‘कोनोसेस प्वेब्ला?’ याला प्वेब्ला शहर नकाशावर ठाऊक होतं, तिथे गाड्यांचा मोठा कारखाना आहे हेही माहीत होतं. त्याने ‘सी’, म्हणजे ‘हो’, म्हटलं. लगेच पुढचे प्रश्न आले: कधी गेला होतास, काय खाल्लंस? गावाबद्दल ‘कोनोसेस’ विचारतात तेव्हा बहुतेक वेळा ‘तिथे जाऊन आलायस का’ हेच विचारायचं असतं. आपण ‘ठाणे माहीत आहे का’ विचारतो तेव्हा नाव ऐकलेलं असलं तरी पुरतं. ज्याने तलावपाळीला संध्याकाळी फेरी मारली नाही, त्याला स्पॅनिश हिशेबाने ठाणे ‘माहीत’ नाही. त्या मुलाचं खरं उत्तर असायला हवं होतं, ‘नो ला कोनोस्को, पेरो से दोन्दे एस्ता’: मी तिथे गेलेलो नाही, पण ते कुठे आहे हे मला माहीत आहे. दोन्ही क्रियापदं एका वाक्यात आली, आणि मला वाटतं हा फरक याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

भूतकाळात तर मराठी अक्षरशः हात धरून नेते. साबेरचं साधं भूतकाळी रूप ‘सुपे’. त्याचा अर्थ ‘माहीत होतं’ असा नाही, तर ‘कळलं’. ‘आयेर सुपे के बीबे एन कळवा’ म्हणजे ती कळव्याला राहते हे काल कळलं. आधीपासून माहीत असेल तर ‘साबीया’. कोनोसेरचं ‘कोनोसी’ म्हणजे ‘ओळख झाली’, आणि ‘कोनोसीया’ म्हणजे ‘ओळखत होते’. इंग्रजीत या जागी ‘फाउंड आउट’ आणि ‘मेट’ असे वेगळेच शब्द शोधावे लागतात. आपल्याकडे माहीत असणं आणि कळणं, ओळख असणं आणि ओळख होणं या जोड्या तयारच आहेत.

काही ठिकाणी दोन्ही चालतात आणि अर्थ बदलतो. गणपतीची आरती घ्या. पाठ असेल तर साबेर, सोबत ‘दे मेमोरिया’ जोडलं की झालं. नुसती ऐकून माहीत असेल, सुरुवात झाली की आपण फक्त टाळ्या वाजवणारे असू, तर कोनोसेर. फोन नंबर, नाव, उत्तर यांना साबेर.

शब्दांच्या मुळाशी गेलं की मला विशेष आनंद होतो. कोनोसेर लॅटिन ‘कोग्नोस्केरे’वरून आला. त्यातलं ‘ग्नो’ आणि संस्कृतातलं ‘ज्ञा’ एकाच मुळाचे, म्हणजे आपलं ‘जाणणे’ हे कोनोसेरचं लांबचं भावंड. इंग्रजी ‘नो’ही त्याच घरातलं. इंग्रजीत पूर्वी माहितीसाठी ‘विट’ असं वेगळं क्रियापद होतं, आपल्या ‘विद्’चं नातेवाईक. ते वापरातून गेलं आणि सगळा भार एकट्या ‘नो’वर पडला. साबेर मात्र ‘सापेरे’वरून आला, आणि त्याचा अर्थ होता चव असणं, चव कळणं. आजही स्पॅनिशमध्ये ‘साबे आ लिमोन’ म्हणजे लिंबाची चव लागतेय. जिभेला चव ‘कळते’ असं आपणही म्हणतोच की.

‘लेट मी नो’मध्ये ‘नो’ दिसतो म्हणून कुणी साबेर किंवा कोनोसेर शोधत बसू नये. मराठीत आपण ‘मला कळव’ म्हणतो, स्पॅनिशमध्ये ‘आबीसामे’ म्हणतात. तो तिसराच शब्द आहे.

आणि एक सापळा खास मराठी माणसासाठी. आपलं ‘ओळखणे’ दोन कामं करतं, परिचय असणं आणि पाहून ओळख पटणं. ठाणे स्टेशनच्या पुलावर वीस वर्षांनी शाळेतली मैत्रीण समोर आली आणि ‘ओळखलंस का मला?’ म्हणाली, तर ते कोनोसेर नाही. ओळख तर जुनीच आहे, आता फक्त चेहरा पटवायचाय. त्यासाठी ‘रेकोनोसेर’ आहे, म्हणून ती विचारेल, ‘मे रेकोनोसेस?’