रास्पबेरी पायवर कुठली ओएस चालते आणि का, थोडी मागची गोष्ट

रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढ्या एकाच बोर्डावरचा कॉम्प्युटर. या पायवर विंडोज का टाकता येत नाही, बायोस (मशीन चालू होताच ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, उठवणारं सॉफ्टवेअर) कुठे असतं, पेनड्राइव्हवरून का बूट होत नाही, नवीन बोर्ड घेतलेला प्रत्येक जण हे विचारतो आणि नीट उत्तर द्यायचं तर 2012 पासून सुरुवात करावी लागते.

29 फेब्रुवारी 2012 ला पहिला मॉडेल बी आला, 35 डॉलर, 256 एमबी रॅम आणि ब्रॉडकॉमची बीसीएम2835 चिप. ही चिप मुळात व्हिडिओसाठीची, म्हणजे जीपीयू (चित्रं-व्हिडिओ सांभाळणारा भाग) दांडगा आणि एआरएम कोअर, म्हणजे ओएस चालवणारा मुख्य प्रोसेसर, त्याच्या शेजारी छोटासा. त्यामुळे सप्लाय दिला की आधी जागा होतो तो जीपीयू, एआरएम झोपलेलाच असतो. चिपमधला रॉम (कारखान्यातच पक्का कोरलेला कोड) एसडी कार्डाचं फॅट पार्टिशन (कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येणारा भाग) बघतो, तिथून बूटकोड डॉट बिन उचलतो, ती फाइल रॅम चालू करून स्टार्ट डॉट एल्फ आणते, मग कॉन्फिग डॉट टीएक्सटी वाचली जाते, कर्नल (ओएसचा गाभा) रॅममध्ये जातं आणि एकदाचा एआरएम उठतो. कार्ड लॅपटॉपला लावा, सगळ्या फायली समोर दिसतात, कर्नलची फाइल उडवून बघा, हिरवा एलईडी सात-सात वेळा लुकलुकत बसतो.

यात कर्नलवर कोणाची डिजिटल सही आहे का हे कोणीच विचारत नाही. रिस्क ओएस टाका, स्वतः लिहिलेलं वीस ओळींचं असेम्ब्ली टाका, चालतं. पण त्या आधीच्या दोन फायली ब्रॉडकॉमच्या, क्लोज्ड. ऑक्टोबर 2012 मध्ये एआरएम बाजूचा ग्राफिक्स ड्रायव्हर ओपन झाला, फेब्रुवारी 2014 मध्ये जीपीयूचं डॉक्युमेंटेशन आलं, फर्मवेअर, म्हणजे या दोन फायली, मात्र बंदच राहिलं आणि मला ते आजही खटकतं.

ओएसचं गणित वेगळं होतं, तिथे अडसर कुलपाचा नव्हता, प्रोसेसरचा होता. पहिला पाय एआरएमव्ही6 (एआरएमची जुनी पिढी, पुढची व्ही7) वाला, डेबियन या लिनक्सच्या हार्ड-फ्लोट आवृत्तीला (दशांशाची आकडेमोड थेट हार्डवेअरवर करणारी) व्ही7 लागायचं, आणि उबंटू हे दुसरं लिनक्स तर व्ही6 सोडून पुढे गेलेलं. जुनं सॉफ्ट-फ्लोट (तीच आकडेमोड सॉफ्टवेअरने करणारं) डेबियन चालायचं पण आकडेमोडीत रडायचं. मग माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी डेबियनची हजारो पॅकेजं व्ही6 साठी पुन्हा बिल्ड केली, तेच रास्पबियन, आणि पाय घराघरात चालला त्यात या कामाचा वाटा फार मोठा आहे. फेब्रुवारी 2015 ला पाय 2 व्ही7 घेऊन आला आणि मग उबंटू आलं, छोट्या उपकरणांसाठीचं विंडोज 10 आयओटी कोअरही आलं, अर्थात ते डेस्कटॉपवालं विंडोज नव्हेच.

बूटचे पर्याय हळूहळू सुटले. पाय 3 मध्ये 2016 ला यूएसबी बूट आलं, पण कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकून चिपमधला ओटीपी (एकदाच लिहिता येणारी मेमरी) बिट कायमचा सेट करावा लागायचा. 2019 च्या पाय 4 मध्ये बूटलोडर (ओएस उठवणारा कोड) बोर्डावरच्या ईईपीरॉममध्ये (पुन्हा लिहिता येणारी मेमरी चिप) गेला, यूएसबी बूट तिथे 2020 मध्ये अपडेटने मिळालं.

आणि खरं कुलूप त्यानंतरचं. पाय 4 आणि सीएम4 (कॉम्प्युट मॉड्यूल 4, प्रॉडक्टमध्ये बसवायचा पाय) वर सिक्युअर बूट (सही तपासूनच बूट करणं) चालू केलं की तुमच्या पब्लिक कीचा (सही तपासायच्या किल्लीचा) हॅश, म्हणजे ठसा, ओटीपीमध्ये जळतो, पुढे त्या कीने सही केलेलंच बूट होतं. सक्ती नाहीये, ज्याला हवं तो चालू करतो, आणि फरक इथेच आहे, कारण 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने एआरएमवरच्या विंडोज मशीनसाठी नियमच केला होता की सिक्युअर बूट मालकाला बंद करता येता कामा नये. इथे की बोर्डाच्या मालकाची असते. फक्त कुठल्या तरी प्रॉडक्टमधून काढलेला सीएम4 सेकंडहँड घेताना आधी बूट करून दाखवायला सांगा, जळलेला ओटीपी परत कोरा होत नाही.