ट्रान्स फॅट काढले, आता त्या जागी काय घालायचे?
बेकरी, बिस्किटे आणि तळणीचे पदार्थ बनवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

‘ट्रान्स फॅट नसलेले शॉर्टनिंग (बेकरीत वापरायचे घट्ट स्निग्ध) द्या, पण माल आहे तसाच झाला पाहिजे.’ नव्या ग्राहकांची ही पहिली मागणी असते आणि ती रास्त आहे. मात्र पफ, केक, क्रीम आणि तळण अशा सगळ्या कामांना चालेल असा एकच डबा आमच्याकडे नाही, कुणाकडेच नसतो. म्हणून डबा निवडण्याआधी हे पत्रक वाचावे, ही विनंती.

ट्रान्स फॅट येते कुठून?

निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये घेतले. ही प्रक्रिया मध्येच थांबवली की मऊ, सहज फेटले जाणारे, लवकर खवट न होणारे स्निग्ध हाती येते. बेकरीवाल्यांना ते आवडले यात नवल नाही. पण अर्धवट प्रक्रियेत काही मेदाम्लांच्या वाकलेल्या साखळ्या सरळ होतात आणि एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. हेच ट्रान्स फॅट. तेलातले ओलेइक आम्ल हे मेदाम्ल १३-१४ अंश सेल्सियसला वितळते. त्याचेच ट्रान्स रूप वितळायला सुमारे ४५ अंश लागतात. अणू तेवढेच, फक्त मांडणी बदललेली. अशा अंशतः हायड्रोजनीकृत स्निग्धात ट्रान्सचे प्रमाण बऱ्याचदा २५ ते ४५ टक्के असते.

शरीरात गेल्यावर ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९० मध्ये हे दाखवून दिले. रोजच्या उष्मांकांपैकी २ टक्के ट्रान्स फॅटमधून आले, तर हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्के जास्त आढळतो. डेन्मार्कने २००३ मध्ये कायद्याने मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आता सरळ आहे: एकूण स्निग्धांशाच्या दर १०० ग्रॅममागे औद्योगिक ट्रान्स फॅट २ ग्रॅमपेक्षा जास्त नको, नाहीतर अंशतः हायड्रोजनीकृत तेलावरच बंदी घाला.

एक हिशोब करून पाहा. बिस्किटात २० टक्के स्निग्ध आहे आणि त्यात ३० टक्के ट्रान्स. म्हणजे १०० ग्रॅम बिस्किटांत ६ ग्रॅम. २००० उष्मांकांचा आहार घेणाऱ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा साधारण २.२ ग्रॅम आहे. चाळीस ग्रॅम बिस्किटे खाऊन होण्याआधीच ती ओलांडली जाते, आणि लहान मुले तर यापेक्षा जास्त बिस्किटे सहज खातात. आमच्यासाठी हा निव्वळ नियम पाळण्याचा प्रश्न नाही, तो यामुळेच.

त्या जागी काय?

सर्वांत सोपी पळवाट म्हणजे पामचा कडक भाग किंवा खोबरेल तेल भरपूर घालणे. अहवालात ट्रान्स शून्य येते, पण संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) भरमसाट वाढतो. हा मार्ग आम्ही सुचवत नाही. ट्रान्स आणि संपृक्त यांची बेरीज आधीपेक्षा कमी झाली, तरच बदल झाला असे आम्ही मानतो.

बहुतेक बेकरी कामांना इंटरएस्टेरिफिकेशन केलेले मिश्रण चांगले. यात पूर्ण हायड्रोजनीकृत तेल आणि द्रव तेल एकत्र करून, एन्झाइम वापरून मेदाम्लांची जागा अदलाबदल केली जाते. ‘हायड्रोजनीकृत’ हा शब्द पाहून दचकू नका. प्रक्रिया पूर्ण झाली की ट्रान्स जवळजवळ उरत नाही. नुसते पूर्ण हायड्रोजनीकृत तेल मेणासारखे कडक असते, म्हणून द्रव तेलाची जोड लागते.

पफ पेस्ट्रीत खरी परीक्षा होते. स्निग्धाचा थर कणकेबरोबर लाटला गेला पाहिजे. तो कडक राहिला तर तुटतो आणि कणीक फाडतो, फार मऊ झाला तर कणकेत जिरतो आणि पापुद्रे सुटत नाहीत. त्यातच पामवर आधारित स्निग्ध सावकाश गोठते आणि साठवणीत हळूहळू आणखी घट्ट होते. थंड खोलीतून काढून लगेच लाटायला घेऊ नका. आदल्या दिवशीच कामाच्या तापमानाला आणून ठेवा. क्रीम रवाळ लागत असेल तर स्फटिक मोठे झालेत, असे समजा. टाळ्याला मेणासारखा थर बसत असेल, तर शरीराच्या तापमानालाही न वितळणारा भाग जास्त झाला आहे. दोन्ही तक्रारींवर मिश्रण बदलून उपाय होतो. साखर किंवा फेटण्याचा वेळ वाढवून नाही.

तळणीसाठी जास्त ओलेइक आम्ल असलेले सूर्यफूल तेल उत्तम. त्यात लवकर खवट होणारी लिनोलेइक आणि लिनोलेनिक आम्ले कमी असल्याने ते लवकर खराब होत नाही. अपवाद डोनटचा. द्रव तेलात तळलेला डोनट वरून ओलसर राहतो आणि साखर धरत नाही, तिथे थोडे घट्ट स्निग्ध लागतेच. तळण्याने ट्रान्स थोडेसे वाढते, पण मुख्य भर मूळ तेलातूनच पडते.

तपासणी आणि पहिली बॅच

कोणत्याही पुरवठादाराकडून, आमच्याकडूनसुद्धा, गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे स्निग्धातली मेदाम्ले वेगळी करून मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल मागा. काही देशांत एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स असले की वेष्टनावर शून्य छापता येते. म्हणून आकडा नेहमी १०० ग्रॅम स्निग्धामागे किती, असाच पाहा. लोणी वापरत असाल तर थोडे ट्रान्स दिसेलच. दुधाच्या स्निग्धात ते नैसर्गिकरीत्या २ ते ५ टक्के असते.

नमुना मागताना पदार्थ कोणता, कणीक मळताना तापमान किती, माल कुठे आणि किती दिवस ठेवायचा, हे कळवा. नवा माल भरण्याआधी टाकी आणि पाइप पूर्ण रिकामे करून धुवा. टाकीत जुने ३० टक्के ट्रान्सचे स्निग्ध दहावा हिस्सा जरी उरले, तरी नव्या मिश्रणात ३ टक्के ट्रान्स येते आणि पहिलीच बॅच मर्यादेबाहेर जाते.