रात्री दोन वाजता सिस्टर का उठवते?

स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस वॉर्डात आला की पहिल्या रात्री आम्ही त्याला तासातासाने उठवतो. नातेवाईक कळवळतात. "सिस्टर, आत्ता कुठे डोळा लागलाय, निजू दे ना त्याला!" त्यांचा जीव तुटतो ते कळतं. पण साधी झोप आणि हळूहळू चढणारी गुंगी लांबून सारखीच दिसते. फरक उठवल्यावरच समजतो.

कवटी म्हणजे हाडांचा बंद डबा. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. रक्तस्राव सुरू झाला तर थोडा वेळ हे पाणी आणि शिरांतलं रक्त सरकून जागा करून देतं. म्हणूनच एखादा गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचेपर्यंत चांगला बोलत असतो, घरी फोनही करतो. जागा संपली की मात्र दाब भराभर चढतो.

शुद्ध मोजायला ग्लासगो कोमा स्केल वापरतात. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ती १९७४ साली मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. पूर्ण शुद्धीत १५. कशालाच प्रतिसाद नसेल तरी ३. पण खरं बघायचं ते गुण कुठल्या दिशेने चाललेत हे. १५ चे १३ झाले तर डॉक्टरांना तेव्हाच कळवायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

बोलण्याचे गुण देताना गोव्यात जास्त सांभाळावं लागतं. सत्तरी तालुक्यातल्या एका आजींना नव्या सिस्टरने विचारलं, कोणता महिना चालू आहे? "श्रावण. चवथ आली की आता." चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. सिस्टरला इंग्रजी महिना हवा होता, तिने 'गोंधळलेल्या' म्हणून एक गुण कापला. आजी पुरत्या शुद्धीत होत्या, उत्तरही बरोबर होतं. मराठी असो की कोंकणी, माणूस घरी जे बोलतो त्यातच विचारायला हवं.

"माझी बोटं दाबा" एवढ्यावरही भागत नाही. मेंदूला इजा झाली असली तर तळव्याला काही लागताच मूठ आपसूक मिटू शकते. म्हणून लगेच म्हणायचं, "आता सोडा." सोडायला ऐकावं लागतं, समजावं लागतं.

मग टॉर्च. एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन उजेडाला आकसेनाशी झाली, तर सुजलेला मेंदू सरकून डोळ्याच्या नसेवर दाबत असण्याची भीती असते. तिथे मिनिटंसुद्धा मोलाची. बीपी चढून नाडी मंदावणं हे फार उशिराचं लक्षण, त्याची वाट बघू नये.

पक्षाघाताच्या रुग्णाला सगळ्यात मोठा धोका कधीकधी घरच्या पेजेचा असतो. गिळणं तपासायच्या आधीच एका मुलीने प्रेमाने बाबांना चार चमचे भरवले. ठसकासुद्धा लागला नाही. पेज मुकाट श्वासनलिकेत गेली. दोन दिवसांनी न्यूमोनिया. तसंच सिस्टरला बोलवायच्या बेलचं. ज्याला डावी बाजू जाणवतच नाही त्याच्या डावीकडे बेल ठेवली तर ती त्याच्यासाठी नसतेच. मग तो एकटाच बाथरूमला जायला उठतो आणि पडतो.

परवा पहाटे एकाचे गुण १५ होते, बाहुल्याही सारख्या. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "सिस्टर, हे असे बोलत नाहीत कधी." मी ते तिच्याच शब्दांत चार्टवर लिहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला.