आजोबांच्या धोकटीतला वस्तरा

अमळनेरच्या आमच्या घरात माळ्यावर आजोबांची धोकटी, म्हणजे हजामतीच्या सामानाची पिशवी, सापडली. आत तुरटीचा खडा, लाकडी कंगवा आणि शिंगाच्या मुठीचे दोन गंजलेले वस्तरे. घाई झाली, आणि त्यातला एक मी धार लावणाऱ्याकडे दिला. ग्राइंडरवर अर्ध्या मिनिटात पातं आरशासारखं झालं, पण धारेलगत निळी-जांभळी रेघ उमटली. तिथेच तो वस्तरा संपला.

लोहार पोलादाला पाणी देतो, म्हणजे ते लाल तापवून झटक्यात थंड करतो. त्याने पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात. साधारण २३० अंश सेल्सिअसला त्यावर गवती पिवळा रंग येतो, ३०० च्या आसपास निळा. वस्तऱ्याला पिवळ्याच्या पुढे जाऊन चालत नाही. धारेजवळ धातू इतका पातळ असतो की चाकाच्या घर्षणाने तो क्षणात निळा होतो, आणि निळा झाला की मऊ पडतो. असं उतरलेलं पाणी निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, घासून परत येत नाही.

दुसरा वस्तरा मी भिंग घेऊन बसून पाहिला. पातं आणि मूठ जिथे जुळतात, त्या जाड भागावर मुकुट होता, दोन बाजूंना व्ही आणि आर, खाली बनवणाऱ्याचं नाव रॉजर्स आणि इंग्लंडमधलं गाव शेफील्ड. ही व्हिक्टोरिया राणीची अक्षरं; म्हणजे १८३७ ते १९०१ मधला माल. 'इंग्लंड' हा शब्द कुठेच नव्हता. १८९० च्या अमेरिकी कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून तो शब्द सर्रास दिसू लागला. एवढ्यावरून तो १८९० आधीचाच आहे असं ठरत नाही, पण तसा अंदाज नक्की बांधता येतो.

काही जुन्या पात्यांवर 'सिल्व्हर स्टील' असंही कोरलेलं असतं. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी आपल्याकडच्या वूट्झ पोलादाचे नमुने लंडनला पाठवले. त्या पोलादाच्या कुतूहलातूनच पुढे शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे आणि कातऱ्या-वस्तरे घडवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी, हे मिश्रण त्यांना चांगलं वाटलं.

गंज काढताना मी चाकाला हात लावला नाही. रॉकेलमध्ये भिजवलं, मग तेल लावून बारीक पॉलिश पेपरने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासलं. लाल गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो, तो काढावाच लागतो. काळा थर मात्र घट्ट बसलेला असतो. खड्डे धारेपर्यंत गेले नाहीत ना, एवढं नीट पाहायचं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचे केस कापून पाहिले. केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ, तरी धारेत आधीच बारीक खोट असेल तर तिथे वाकलेला केस पोलादाचा कपचा काढतो.

मग निसण्यावर धार आणि चामड्याच्या पट्ट्यावर परजणं. यात माझे तीन रविवार गेले. हाताच्या पाठीवरचा केस आता नुसता टेकवला तरी तुटतो. मुकुटाजवळ मी पॉलिश पेपर नेलाच नाही. अक्षरांच्या खाचांत काळा गंज अजून आहे.