पार्श्वभूमी : रब्बीच्या दारात बेने इस्राएल

आलेल्याला रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, आधी आत घ्यावे की आधी त्याचे कूळ तपासावे? कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या वाट्याला हा प्रश्न दोनदा आला, आणि दोन्ही वेळा तो निरनिराळ्या रीतीने सुटला.

पहिल्या प्रसंगाची तारीख नक्की नाही. कोणी तो मध्ययुगात नेतात, कोणी अठराव्या शतकात आणतात. समाजाची आठवण अशी, की अलिबागकडच्या गावांत बाहेरून एक धर्म जाणणारा ज्यू आला. तेलाचे घाणे चालवणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ कोण, याची त्याला खात्री करायची होती. त्याने बायकांपुढे सगळ्या तऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले, म्हणजे ज्यू धर्माला चालणारे, मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. त्याला तेवढे पुरले. त्याने गावातल्या तिघांना धर्म शिकवला, आणि त्यांच्या घराण्यांत काजीपण, म्हणजे समाजाची धर्मकार्ये पाहण्याचा मान, चालत राहिले.

पुढे १७९६ मध्ये मुंबईत पहिले प्रार्थनालय उभे राहिले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ दयेचे द्वार. लोक त्याला मशीदच म्हणत. प्रार्थना हज्जान चालवी, कारभार मुकादम पाही. समाजाचा स्वतःचा रब्बी नव्हता.

रब्बीशी खरी गाठ पडली ती १९४८ नंतर, हजारो माणसे इस्राएलला गेल्यावर. तिथे ज्यूंचे लग्न रब्बींच्या अधिकाराखालीच लागते. काही रब्बींनी बेने इस्राएल मुलामुलींची इतर ज्यूंशी लग्ने लावली, काहींनी साफ नाकारली. ऑक्टोबर १९६१ मध्ये तिथल्या सर्वोच्च धर्मपीठाने या लग्नांना परवानगी दिली. पण १९६२ च्या सुरुवातीला निघालेल्या सूचनांनी तीच परवानगी पोखरली. लग्नाची नोंदणी करणाऱ्या रब्बीने अर्जदाराची आई, आईची आई, असे जमेल तितके मागे जाऊन विचारायचे होते.

या साऱ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, ‘ममझेर’. मराठीत त्याचे ‘अनौरस’ असे भाषांतर होते, आणि तिथेच गल्लत होते. अविवाहित आईचे मूल ममझेर नसते. विवाहित स्त्रीला परपुरुषापासून झालेले मूल ममझेर ठरते. पहिल्या नवऱ्याने धर्मशास्त्राप्रमाणे ‘गेट’, म्हणजे सोडचिठ्ठीचा लेख, दिला नसेल, तर दुसरे लग्न झालेली बाईही धर्माच्या लेखी पहिल्याचीच बायको राहते. रब्बींची शंका नेमकी इथे होती : कोकणात गेटचे शास्त्र कोणाला ठाऊक होते? बेने इस्राएलांचे उत्तर साधे होते. आमच्यात काडीमोड जवळजवळ होतच नसे, विधवा पुन्हा लग्न करत नसत. मग शंकेला जागा कुठली? ज्यू नसलेल्याला धर्मांतराची वाट तरी असते. ममझेराला तीही नाही, आणि हा ठपका पिढ्यान्‌पिढ्या चालतो. म्हणूनच लोक इतके दुखावले. गावोगावच्या आज्या मासे निवडून ज्यू ठरल्या होत्या, आता त्यांच्या नातवंडांनी आजीच्या लग्नाचा दाखला आणायचा होता. माझ्या मते १९६२ ची सूचना धर्मशास्त्रापेक्षा भीतीतून आली. शंका सिद्ध करण्याचे ओझे शंका घेणाऱ्यावर हवे होते, ते एका समाजावर टाकले गेले.

१९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह कुटुंबे जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे जाहीर केले. त्यानंतर सूचनेतून समाजाचे नाव निघाले आणि ज्याच्या कुळाविषयी शंका आहे अशा कोणाचीही चौकशी करावी, असा मजकूर आला. शंका कधी घ्यायची, हे मात्र नोंदणीला बसलेल्या रब्बीच्याच हाती राहिले.